डावी बाजू वर

लाल रंग मी मागितला नव्हता. मिळाला तेव्हा परतही केला नाही, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागावी असं मला आजतागायत वाटलेलं नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून नुकताच वेगळा झाला होता. शिक्षकांच्या दौऱ्यात जपानला जायला माझी निवड झाली. नवऱ्याला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आचऱ्याच्या घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि मी. माझं कपाळ मोकळं, पातळं राखाडी नाहीतर पांढरी. सरकारी हुकूम म्हटल्यावर दिरांना अडवता येईना.

तिथे एका गावात यजमान म्हातारीने आम्हा बायकांना किमोनो नेसवायला घेतले. मला मेलीला वाटलं, जन्मभर पातळं नेसले, याला काय मोठी अक्कल लागते? मी आपली आपणच उजवी बाजू डावीवर ओढून मोकळी झाले. म्हातारीचा चेहरा पडला. घाईघाईने तिने सगळं सोडलं आणि डावी बाजू वर घेऊन घट्ट आवळलं. दुभाष्या बाईने सांगितलं, उजवी बाजू वर फक्त प्रेताची असते, जिवंत माणसाची नेहमी डावी. मग म्हातारीने कमरेला लालभडक रुंद पट्टा गुंडाळायला घेतला. मी विधवा आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती एवढ्या आटापिट्याने मला जिवंतांत आणते आहे, तर मीच कशाला आडवी येऊ?

मागाहून टपालाने फोटो आला, रंगीत. चौकटीत बसवून मी तो माजघरात नवऱ्याच्या फोटोशेजारी टांगला. थोरले दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. त्या दिवशीही मी समोर उभी असताना ते सासूबाईंना म्हणाले, "आये, तिका सांग, फोटो पेटयेत ठेव म्हणान. मेल्या माणसाच्या बाजूक जित्याचो फोटो लावनत नाय."

खरी अडचण त्या लाल पट्ट्याची होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. एरवी मी मान खाली घालून आत गेले असते. पण म्हातारीचे ते घाबरलेले हात आठवले आणि मला संताप आला. परक्या बाईला माझ्या जिवंतपणाची काळजी, आणि माझ्या घराला तो पेटीत घालायची घाई.

"भावोजी, नीट बघा," मी थेट त्यांनाच म्हटलं. "डावी बाजू वर आसा. ती जित्या माणसाची खूण. मी जिती आसंय."

ते चप्पल घालून बाहेर निघून गेले. सासूबाईंनी चष्मा मागितला, फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पट्टा खरंच एवढा लाल होता का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

फोटो अजून तिथेच आहे. आता दीर आणि सासूबाईही त्याच भिंतीवर हार घालून आहेत. पुतण्याला मी बजावून ठेवलंय, मी गेले की माझा दुसरा कुठलाही फोटो लाव, हवा तेवढा मोठा हार घाल. या फोटोला हार घालायचा नाही.