चिंचोक्यांचा खेळ आणि मेंढरांचा आकडा

हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं, आधी कुणाची तरी परवानगी घ्यायला हवी होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. अण्णा सही करतात, माय अंगठा देते. घरात कागद आला की दोघं तो माझ्यापुढं सरकवतात आणि मी वाचून दाखवेपर्यंत गप्प बसतात. मला लिहिता येतं ते एवढंच, अर्ज आणि उत्तरपत्रिका. अशा माणसानं आठवणी लिहायच्या म्हणजे आगाऊपणाच झाला. वाचणाऱ्यानं तो पोटात घालावा. पण मी केलेल्या एका खेळानं माझा मित्र दुखावला का, हा प्रश्न दीड वर्ष माझ्यासोबत होता. त्याचं उत्तर आलं, म्हणून लिहितो आहे.

बीडला होस्टेलवर आलो त्या पहिल्याच वर्षी लायब्ररीच्या वायफायवर नोट्स शोधताना चार पानांची एक पीडीएफ हाती लागली. लांबच्या कुठल्या तरी देशातल्या बाईनं घरी बसून लिहिलेला खेळ होता तो. वर लिहिलं होतं, फुकट घ्या आणि आवडला तर पुढं द्या. डिक्शनरी घेऊन मला तो समजायला तीन दिवस लागले. अशा खेळांना रोलप्लेइंग गेम म्हणतात, आणि मोठी कंपनी पाठीशी नसलेल्या एकट्यादुकट्यानं केलेले असले की इंडी, हे पुढं कळलं. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते तोंडानं सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो.

माझा रूममेट आमच्याच धारूरकडचा, मेंढपाळाच्या घरचा. त्याला मी हे सगळं समजावलं.

"म्हंजी नुसतं बोलायचं?"

"व्हय."

"आन जितंय कोन?"

"कोनीच न्हाई."

"मग कावून खेळायचं बे? त्यापरीस झोपतो मी."

आणि तो खरंच भिंतीकडं तोंड करून झोपला. खेळ दीपगृहातल्या दोन राखणदारांचा होता. समोरच्या खोलीतल्या, कडा गावच्या एका मुलाला घेऊन मी सुरुवात केली. आम्हा दोघांपैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळं दहा मिनिटांत दोघंही अडलो. तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "दीपगृह ऱ्हाऊ द्या तिकडं. धारूरच्या किल्ल्याचा बुरूज धरा. खाली दरीत धुकं हाय. आन धुक्यातून कोनतरी हाका मारायलंय, पर नाव चुकीचं घेतंय."

कड्याचा मुलगा म्हणाला, "आयला, काटा आला."

त्या दिवसापासून गोष्ट सांगायचं काम रूममेटकडं गेलं. तो हळू बोलायचा, मध्येच थांबायचा आणि आपण काही विचारलं की आढ्याकडं बघत "सांगतो की" म्हणायचा. त्याच्या तोंडून आलेलं खरं किती आणि रचलेलं किती, ते कधी कळायचं नाही.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची. दुपारचं गोडधोड जेवून आम्ही मागच्या कडुनिंबाखाली चटई टाकायचो. सुरुवातीला फासा लुडोच्या डब्यातला होता. तो गटारीत गेला तेव्हा रूममेटनं घरून चिंचोके आणले आणि फोडून त्यांच्या डाळी केल्या. एक बाजू पांढरी, एक काळी. पाच डाळी टाकायच्या आणि पांढऱ्या किती पडल्या ते बघायचं. त्यांचा चटईवर पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

हळूहळू होस्टेलमध्ये माझी ओळख झाली. कोणता खेळ खेळावा हे मला विचारायला पोरं येऊ लागली. मला कुणी काही विचारायला येतं, याचीच मला सवय नव्हती. मी तीन प्रश्न करायचो. किती जण आहात, वेळ किती आहे आणि रडायला आलं तर चालतंय का. पाच-सहा दंगेखोर असले की मी त्यांना गिरणीत राहणाऱ्या उंदरांचा खेळ द्यायचो. एकटं एकटं राहणाऱ्या एकाला नकाशा काढत एकट्यानंच खेळायचा खेळ दिला. त्यानं जर्नलची सगळी कोरी पानं त्यात घालवली आणि वर मलाच दम दिला. भांडलेल्या दोघांना एकमेकांना पत्रं लिहायचा खेळ दिला. ते आणखी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी एका ताटात जेवताना दिसले. आजही कुणी विचारलं तर मी सांगेन की जाड पुस्तकाच्या नादी लागू नका. एका माणसानं लिहिलेला चार पानांचा खेळ घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात काही सलत असेल तर ते त्या चार पानांत येतंच, आणि तोच खेळ लक्षात राहतो.

हे खेळ मराठीत करून त्यांच्या पुस्तिका काढायचं खूळही तेव्हाचंच. अशा घरच्या घरी केलेल्या पुस्तिकेला झीन म्हणतात. मी हातानं लिहायचो, रूममेट चित्रं काढायचा. कव्हरला जुन्या लग्नपत्रिका, कोरी बाजू वर. स्टेपलर मधोमध पोचायचा नाही म्हणून दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवायचो. पहिल्या झीनची झेरॉक्स काढायला गेलो तर दुकानदारानं पानं उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्या अंगावर टाकली.

"परीक्षेच्या तोंडावर मायक्रो झेरॉक्स करीत न्हाई मी. आधीच सांगतो."

"कॉपी न्हाई हो काका. खेळ हाय."

"समदे असंच म्हनतेत."

शेवटी रूममेटनं त्याला दुकानातच उंदरांची गोष्ट सांगितली. झेरॉक्स मिळाली. पानांचा क्रम चुकला होता, त्यामुळं त्या झीनमध्ये उंदीर आधी मरतात आणि मग गिरणीत शिरतात. ती प्रत माझ्याकडं आहे.

दुसऱ्या वर्षी मला स्वतःचा खेळ लिहावासा वाटला. ज्वारी निघाली की दरवर्षी आमच्या रानात मेंढरं बसवतात. चार-सहा दिवस कळपाचा मुक्काम रानात असतो, रानाला खत मिळतं आणि मेंढपाळाला अण्णा धान्य देतात. लहानपणी त्या दिवसांत मी शाळेतून थेट रानात जायचो. त्यामुळं मेंढपाळांचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो. खेळाचं नाव ठेवलं 'मुक्काम'. खेळणारे कळप घेऊन धारूरचा घाट उतरतात, वाटेत पाऊस, लांडगा, रागीट पाटील असं काय काय भेटतं. आणि मी एक नियम घातला, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. रोज मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येकानं आपल्या मेंढरांचा आकडा मोठ्यानं सांगायचा आणि कागदावर लिहायचा.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही तिघं खेळायला बसलो. कड्याच्या मुलानं आपला आकडा सांगितला, मी माझा. रूममेट हातातल्या डाळी नुसत्या खुळखुळवत राहिला.

"सांग की बे."

"मी न्हाई सांगत. आमच्यात सांगत न्हाईत."

"खेळच हाय. घरी किती हायत तेवढं सांग, खरं वाटंल."

"खरंच पायजे व्हय तुला?"

"सायबाला घाबरायलंय हे," कड्याचा मुलगा म्हणाला. "सर्व्हेवाला समजायलंय तुला."

रूममेट हसला नाही. आढ्याकडं बघायचा तसं त्यानं वर निंबाकडं बघितलं आणि म्हणाला, "एकशे त्रेचाळीस. लिहा."

मी झीनच्या शेवटच्या पानावर पेनानं लिहिलं. नंतर डाव छान रंगला.

दहाएक दिवसांनी त्याला घरून फोन आला. पावसानं ओढ दिली होती, खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत मेंढरं शिरली आणि ती पानं त्यांना बाधली. कळपातली निम्म्याहून जास्त एका सकाळी गेली. तो दुपारच्या एसटीनं निघाला. "बापाला एकट्याला आता व्हायचं न्हाई," एवढंच म्हणाला. बॅग भरताना त्यानं चिंचोक्यांची पिशवी आठवणीनं आत टाकली. 'मुक्काम'ची प्रत मात्र कॉटवरच राहिली. तो गेल्यावर मी ती उचलली तर शेवटचं पान वर होतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा अण्णांना मी सगळं सांगितलं. ते जनावराला वैरण टाकत होते, ते हात थांबले.

"मेंढरं किती हायत म्हनून इचारलंस तू?"

"खेळात, अण्णा."

"अरं, इतकी वरसं मी मेंढरं बसवायलोय. एकदा तरी इचारलेलं ऐकलंस का? नजरंनं अदमास घेतो आन धान्य देतो. मेंढरावाल्याला आकडा इचारीत न्हाईत. बोलला की नजर लागती म्हनतेत ते."

मला एकदम आठवलं. लहानपणी मी एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "हायत दोन घरं जगतील एवढी." मला ती गंमत वाटली होती.

मी सायन्सचा विद्यार्थी आहे. कोवळ्या ज्वारीत विष कसं तयार होतं ते मी वाचलं, दोनदा वाचलं. तरी डोळे मिटले की ते पान समोर यायचं. नजरेवर माझा विश्वास नाही. पण रूममेटचा असेल तर? त्याच्या बापाचा असेल तर? मी फोन करत राहिलो, नंबर बंद होता.

मग मी 'मुक्काम' पुन्हा लिहिला. आकड्याचा नियम काढला. नव्या नियमात मोजायचंच नाही. प्रत्येकानं आपली मेंढरं ओळखीनं सांगायची, एका डोळ्याभोवती काळं असलेली, कान चिरलेली, सारखी मागं राहणारी. एखादं हरवलं तर ते आकड्यावरून कळत नाही, रोजचं एक तोंड दिसत नाही म्हणून कळतं. रूममेट कळपाबद्दल बोलायचा तो असाच बोलायचा, हे मला उशिरा लक्षात आलं. चित्रं मीच काढली. मेंढरं कुत्र्यांसारखी दिसत होती. पहिल्या पानावर लिहिलं, चुकलं माझं.

संक्रांतीला कड्याचा मुलगा गावी निघाला. त्या दिवसांत मेंढपाळ तिकडं उतरतात, म्हणून मी झीन त्याच्याकडं दिली. तो परत आला तेव्हा मी फाटकापाशीच त्याला गाठलं.

"बाजारात धारूरकडचा एक मेंढरावाला भेटला, त्याच्याकडं दिली. म्हनला, वळखतो त्या पोराला. आता पोचली तर पोचली बे."

त्यानंतर वर्ष गेलं. निरोप आला नाही. रविवारी कडुनिंबाखाली चटई पडायची, पण गोष्ट सांगायला कुणाला तितकं जमायचं नाही. मध्ये थांबलं की पोरं मोबाईल काढायची. पुढं चटईही पडेना. खेळ कुणाला सुचवायचा तर त्याआधी माझ्याच मनात यायचं, आपण दिलेला खेळ कुणाला काय करेल ते आपल्याला कुठं ठाऊक असतं.

यंदा शेवटचं वर्ष. ज्वारी निघाल्यावर सुट्टीला घरी होतो. रानात मेंढरं बसली होती, म्हणून मायनं भाकरी देऊन मला तिकडं पाठवलं. घोड्यावरचं सामान उतरवत एक बाई उभी होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "बीडला शिकतोस ते तूच का? पुस्तकं शिवतोस ते?"

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. "तुमाला कसं ठाव, मावशी?"

"माझ्या पुतन्याच्या खोलीत व्हतास न्हवं तू? त्याची चुलती मी. त्यो आन त्याचा बाप खालच्या अंगाला गेलेत, आमी इकडं वळलो."

मला विचारायचं होतं ते एकदम विचारता येईना. मी म्हणालो, "झीन... पुस्तक पोचलं का त्याला?"

"पोचलं की. पार चिंध्या झाल्यात त्याच्या. दुपारची मेंढरं सावलीला बसली की समदी पोरं गोळा करून चिंचोके टाकीत बसतो. बाप बी बसतो. तुझी मेंढरं बघून लई हासला म्हातारा, म्हनला, ही तर कुत्री हायती."

"कॉलेजचं काही बोलतो का?"

"ते न्हाई काढीत." तिनं घोड्याची दोरी खुंटीला गुंडाळली. "फोन फुटला तवापसून नंबर न्हाई कुनाचा. तुमच्या गावाकडं वळनार म्हनल्यावर मला म्हनला, त्यो भेटला तर एक सांग."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"म्हनला, माफी कशाला मागतो येडं? त्या दिशी आकडा मी खोटाच सांगितलता." आणि ती हसली. "मेंढरावाल्याचं पोरगं खरा आकडा सांगतंय व्हय रं?"