आईच्या खांद्यावरची चार बोटं

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला वाचतोय. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, रिकाम्या घरातला पैंजणांचा आवाज... बायकोला वाचून दाखवायचं, दोघांनी हसायचं, विषय संपला. त्यात माझा धंदा फोटोचा. फोटोत भूत आलंय म्हणून लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना लेन्सवरचं तेलकट बोट दाखवून परत पाठवतो. असा मी माणूस, म्हणून हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय. पण वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाही, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. नावं बदलली आहेत.

भिवंडीत निजामपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर खटखट चालू असते आणि टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरत असतो. नवं गिऱ्हाईक ओरडून बोलतं, जुनं हळू बोलतं, मला दोघांचंही ऐकू येतं. शूटिंगची कामं आता कमी झाली. जास्त काम एडिटिंगचं — लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर आणि हार घालायचे फोटो.

हार घालायच्या फोटोंबद्दल थोडं सांगायला हवं. गावाकडच्या बायामाणसांचा, विशेषतः म्हाताऱ्यांचा, एकट्याचा फोटो सहसा नसतोच. माणूस गेलं की घरचे कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. त्यातून गेलेल्या माणसाला वेगळं काढायचं, मागे निळं बॅकग्राउंड टाकायचं, मोठं करून फ्रेम करायची. आणि एक नियम असा की हार घालायच्या फोटोत जिवंत माणसाचं काहीही राहता कामा नये. कोपर नको, पदराचं टोक नको, खांद्यावर ठेवलेला हात तर नकोच नको. त्या जिवंत माणसाला ते वाईट, असं लोक मानतात. मी मानत नाही, पण वीस वर्षांत शेकडो हात काढले असतील. या कामात भिवंडीत माझा हात कोणी धरणार नाही, असं मी स्वतःच सांगत फिरतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हरेश आला. अकलोलीच्या अलीकडच्या एका गावातला, तिशी-बत्तिशीचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळे काय झालंय ते विचारावं लागलं नाही. आई जाऊन आठ दिवस झाले होते. बाराव्याला खुर्चीवर फोटो ठेवायचा होता. पेनड्राइव्हमध्ये त्याच्याच लग्नातला फोटो होता. मांडवात नातेवाईक उभे, आई पुढे, हिरवं नऊवारी लुगडं, चेहऱ्यावर छान हसू. आणि तिच्या डाव्या खांद्यावर मागून आलेली चार बोटं. करंगळी किंचित वाकडी, अंगठीच्या बोटावर गोंदणाचा एक ठिपका. बोटांची मालकीण मात्र फोटोत नव्हती. फोटो तिथंच कापलेला होता.

मी सहज विचारलं, हे कोण? हरेश म्हणाला, "बहीण. तिचा आमचा संबंध न्हाय आता. तो हात काढून टाका फक्त."

पुढचं त्यानं चहा पिता पिता सांगितलं. धाकटी वैशाली. सहा वर्षांपूर्वी तिनं नारपोलीत लूमवर काम करणाऱ्या यूपीच्या मुलाशी लग्न केलं. तेव्हापासून घराचं दार तिला बंद. दार बंद करणारा हाच. आपण फोटोवाले, आपण हात काढायचा.

त्या दिवशी दुपारी कामाला बसलो. आई वेगळी काढली, बॅकग्राउंड टाकलं, चेहऱ्यावरचा पिवळेपणा कमी केला. सगळं व्यवस्थित. मग बोटांवर ब्रश फिरवला आणि स्क्रीन काळी झाली. दोन-तीन सेकंदांनी परत आली, पण सॉफ्टवेअर बंद. खाली मेसेज — ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बंद पडला होता, पुन्हा सुरू केला आहे.

असं होतं कधी कधी. पुन्हा उघडलं, पुन्हा बोटांपर्यंत आलो, पुन्हा काळं. पाच वेळा.

इथून पुढे माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. हा माझा आवडीचा आजार आहे, बायको म्हणते मला माणसांपेक्षा मशीनची दुखणी लवकर कळतात. ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारं ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, अपडेट केला. मुळासकट काढून जुना टाकला. टेम्परेचर बघितलं, अगदी नॉर्मल. कॅबिनेट उघडून कार्ड काढलं, धूळ उडवली, त्याच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं घासल्या, परत बसवलं. खालच्या लूमच्या हादऱ्यानं कार्ड सैल होत असेल म्हणून लाईट जायची वाट बघितली. आपल्याकडे त्यासाठी फार थांबावं लागत नाही. लाईट गेली, लूम थांबले, यूपीएसवर शांततेत बोटांवर ब्रश फिरवला. काळं.

मग सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डचा वापरच बंद केला. आता कार्डाचा संबंधच उरला नाही ना? तर या वेळी स्क्रीन काळी झाली नाही, सॉफ्टवेअर नुसतंच मुकाट्यानं मिटलं. मेसेजसुद्धा नाही.

तुमच्यापैकी कॉम्प्युटरवाले म्हणतील, फाइल खराब असेल. मलाही तेच वाटलं. म्हणून त्याच फाइलमध्ये आईच्या उजव्या बाजूला एका काकांचं कोपर राहिलं होतं ते काढलं. निघालं. मूळ फोटो उघडून मागचा मांडवाचा खांब काढला. निघाला. गंमत म्हणून आईच्या कानातलं काढून बघितलं, तेही निघालं, परत घातलं. फोटोचा फोटो काढून नवीन फाइल केली. तिच्यातही बोटांशी आलं की बंद. दुसऱ्या एका लग्नातल्या फोटोत असाच खांद्यावरचा हात होता, तो दोन मिनिटांत काढला. म्हणजे मशीनला हात काढता येत होते. हा एवढाच येत नव्हता.

शेवटी पेनड्राइव्ह घेऊन साजिदकडे गेलो. साजिद माझा शाळेपासूनचा दोस्त, दोन गल्ल्या सोडून त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याचा लॅपटॉप नवा, त्यातलं कार्ड वेगळ्या कंपनीचं, सॉफ्टवेअरसुद्धा दुसरं. मी त्याला काहीच सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की हा हात काढून दे. त्यानं सिलेक्ट केलं, डिलीट दाबलं आणि लॅपटॉप रीस्टार्ट झाला. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा रीस्टार्ट. तिसऱ्यांदा त्यानं हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किसका हाथ है ये?"

मी सांगितलं. त्यानं पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, "मग राहू दे ना यार. उसकी भी तो माँ है."

मी त्याच्यावर चिडलो. गिऱ्हाईक माझं, तुझं काय जातंय म्हणालो. पण परत येताना त्याचंच वाक्य डोक्यात घोळत होतं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेशला बोलावलं. खोटं सांगू शकलो असतो की सॉफ्टवेअर जुनं आहे, दुसरीकडे जा. पण वीस वर्षांत कुणाचं श्राद्धाचं काम परत पाठवलं नव्हतं. त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्यासमोर करून दाखवलं. कोपर निघतं, खांब निघतो, हात निघत नाही. तीन वेळा स्क्रीन काळी झाली. तिसऱ्या वेळी त्या काळ्या काचेत आम्हा दोघांचे चेहरे दिसत होते आणि हरेश रडत होता.

मी पाणी दिलं. त्यानं ग्लास रिकामा केला. मग खाली बघत म्हणाला, "आई शेवटी दोन दिस तिचंच नाव घेत व्हती. वैशीला बोलव. मी म्हनलं बोलावतो. फोन हातात व्हता माझ्या... न्हाय केला."

वैशालीला गावातल्याच कुणाकडून तरी कळलं, तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती नवऱ्याबरोबर आली आणि नाक्यावरूनच परत गेली, असं लोक त्याला सांगत होते.

मी कामाचंच बोललो. हात तसाच ठेवून प्रिंट काढता येईल, सांगितलं. तर हरेश दचकला. जिवंत माणसाचा हात हाराखाली कसा ठेवायचा? तिला काही झालं म्हणजे? सहा वर्षं जिचं तोंड बघितलं नाही, तिला काही होईल म्हणून हा घाबरला होता. मी म्हटलं, हात तिचा आहे, तिलाच विचार.

नंबर त्याच्याकडे नव्हता, पण आईच्या फोनमध्ये होता आणि आईचा फोन त्याच्या खिशात होता. त्यानं तो लावला. खालच्या खटखटीत ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला, त्यामुळे मीही ऐकलं. पलीकडून कुणी हॅलो म्हटलंच नाही, फक्त श्वास येत होता. आईच्या नंबरवरून फोन आल्यावर पोरीचं काय झालं असेल, ते मला नंतर सुचलं.

"वैशे, मी हाय. हरेश," तो म्हणाला. "आईचा फोटो करतोय. तुझा हात हाय तिच्या खांद्यावर. निघत न्हाय तो. हार घालायचा हाय... तुला चालंल का?"

मग ती म्हणाली, "आई हसतेय का फोटोत?"

"हसतेय."

"मग राहू दे. मला काय व्हतंय."

"आनि तू बी ये बाराव्याला," हरेश म्हणाला. "दाजींना, पोरीला, सगळ्यांना घेऊन ये. मी नाक्यावर उभा राहतो."

फोटो तसाच छापला. फ्रेम त्याच्या हातात दिली तेव्हा त्यानं पहिल्यांदा बोटांवरूनच अंगठा फिरवला. त्या फोननंतर मी पुन्हा हात काढायचा प्रयत्न केला नाही. करायला हवा होता, निदान काहीतरी कळलं असतं. पण खरं सांगतो, धीर झाला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी एक बाई लहान मुलीला घेऊन वर आली. मी बोटं आधी बघितली. वाकडी करंगळी, गोंदणाचा ठिपका. म्हणाली, दादानं पत्ता दिला. बाराव्याला दादा खरंच नाक्यावर उभा होता, मुलीला कडेवर घेऊन घरापर्यंत गेला. आता तिला आईचा फोटो स्वतःच्या घरी लावायला हवा होता.

मी म्हटलं, तसाच काढून देतो, पाच मिनिटं बस.

"तसा नको," ती म्हणाली. "माझा हात काढून द्या."

मी तिला सगळं सांगितलं — ड्रायव्हर, खोडरबर, साजिदचा लॅपटॉप. ती हसली नाही, घाबरलीही नाही. म्हणाली, एकदा करून तर बघा.

मशीन तेच, कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, फाइल तीच. खाली लूम चालू होते. मी सवयीनं आधी सगळं सेव्ह केलं, श्वास धरला आणि बोटांवर ब्रश फिरवला. करंगळी गेली. मग दुसरं बोट, तिसरं, चौथं. खाली हिरव्या लुगड्याचा काठ भरून घेतला. दीड मिनिटाचं काम. कॉम्प्युटरचा पंखासुद्धा जोरात फिरला नाही.

त्या दोन दिवसांतल्या एररच्या सगळ्या नोंदी माझ्याकडे सेव्ह आहेत. मुंबईतल्या दोन जाणकारांना पाठवल्या, दोघांनी दोन वेगळी कारणं सांगितली आणि साजिदच्या लॅपटॉपला दोन्ही लागू पडत नाहीत. कुणाला बघायच्या असतील तर पाठवतो. मला आजही काही कळलेलं नाही.

प्रिंट बाहेर आली तेव्हा मी वैशालीला विचारलं होतं, हात ठेवला असता तर काय बिघडत होतं? फोटो मांडीवर घेऊन ती आईकडे बघत होती.

"दादाकडे असू दे तो हात," ती म्हणाली. "माझ्या घरी मला खांदा मोकळा पाहिजे. हात ठेवायला मी हाय ना."

आणि तिनं ठेवला.