आधी स्वतः खाणारे काका

परळला कॅन्सरच्या इस्पितळाबाहेर आम्ही दुपारी पेशंटच्या नातेवाइकांना मोफत खिचडी वाटतो. रांगेतले एक काका बायकोसाठी डबा भरून घ्यायचे, पण लगेच वर वॉर्डात न नेता फुटपाथवर बसून त्यातले चार घास स्वतः खायचे आणि पोटावर हात ठेवून बराच वेळ थांबायचे.

एकदा मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, खिचडी ताजी असते."

"असंल ताई. पण तिला आता काय बी सोसत नाही. बाधायचीच तर आधी मला बाधू द्या."

"अहो, उन्हात ठेवून ठेवूनच ती खराब होते. गरम आहे तोवर न्या."

त्यांनी झाकण लावलं. "मग मी तिच्यासाठी करू तरी काय?"

डबा दोन्ही हातांत धरून ते आत गेले.