कात्रीनं उघडलेली बाटली

खंडेनवमीला दुपारी, जुन्या हुबळीतल्या आमच्या कापडाच्या दुकानात मी एक उद्योग करून ठेवला. आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये… म्हणून लिहून टाकतो.

त्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा असते. गल्ला, मीटरची पट्टी, शिलाई मशीन, माझी स्कूटर… सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा नियम.

पूजेत मानाची जागा निंगप्पाअण्णांच्या कात्रीची. अण्णा आमच्या दुकानातले टेलर, मी शाळेत जायच्या आधीपासूनचे. कापड सोडून ती कात्री दुसऱ्या कशाला लागलेली त्यांना खपत नाही. लहानपणी मी तिनं पतंगाचा कागद कापला, तर त्यांनी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या देखत माझा कान पिळला होता. अप्पा वर म्हणाले, "बरं केलंत."

तर पूजा आटोपून सगळे जेवायला घरी गेले. शटर अर्धं ओढून मी मागच्या खोलीत थांबलो, कारण पुण्याहून सुट्टीला आलेला कॉलेजचा मित्र संदीप गार बीअर घेऊन येणार होता. सणाच्या दिवशी, दुकानात… होय, तेही आहेच. आणि ओपनर दोघांकडेही नव्हता.

"ओपनर कशाला लागतो रे?" मी म्हणालो. हॉस्टेलवर मी लायटरनं बाटल्या उघडायचो, अशी माझी ख्याती. पण लायटर घसरला आणि बोटाचं साल निघालं. मग स्कूटरची किल्ली वाकवली. मग कटिंग टेबलाच्या कडेला झाकण टेकवून वरून हात हाणला, तर टेबलाचा टवका उडाला आणि झाकण आपलं जागच्या जागी.

संदीप पोट धरून हसत होता. "राहू दे, आता तुझ्याच्यानं होत नाही," म्हणाला. बास… एवढंच निमित्त मला पुरलं. तीन वर्षांच्या पोराचा बाप आहे मी, पण अक्कल बघा.

सरळ जाऊन पूजेतली कात्री उचलली. पातं झाकणाच्या दातांखाली घालून जोर दिला. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा फट्ट! फेस सगळा कात्रीवर सांडला आणि आम्ही टाळ्या दिल्या. मग मी कात्री पुसली, ओघळलेलं कुंकू नव्यानं लावलं, फूल होतं तसं ठेवलं. पात्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

दसऱ्याला सकाळी अण्णा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले. त्या दिवशीचा पहिला कट ते अप्पांच्या शर्टाच्या कापडाला देतात, ही आमची पद्धत. अप्पा समोर उभे, मी कापडाचं टोक धरलेलं. कात्री सरसर निघाली आणि मध्येच अडली. अण्णांनी पुन्हा चालवली… त्याच जागी धागा ओढला गेला, कापड गोळा झालं.

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. धारेला खांडा पडला होता. आता हे ओरडणार असं मला वाटलं… पण ते मटकन खालीच बसले.

"माझंच चुकलं, मालक," ते अप्पांना म्हणाले. "काल पूजा झाल्यावर शेजारच्या अक्काच्या ब्लाउजचा धागा तोडलो हिनं. एकच धागा होता. देवीला सोसलं नाही बघा."

अप्पांनी समजूत घातली. खरं सांगायची हीच वेळ होती. दुकानात बसून प्यायलो हे अप्पांना कळेल, एवढीच भीती होती. उलट "नवीन कात्री आणू की अण्णा," असं म्हणून वर मोठेपणा घेतला. लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

संध्याकाळी ते हुबळीतच केशवापूरला आमच्या घरी बन्नी द्यायला आले. इकडे दसऱ्याला आपट्याऐवजी बन्नीचीच, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून देतात. दरवर्षी अण्णा आणि अप्पा पानं देऊन एकमेकांना मिठी मारतात. यंदा अण्णांनी पान दिलं आणि ते अप्पांच्या पायाशी वाकले… अप्पांपेक्षा दोन वर्षांनी मोठा माणूस.

"माझ्यामुळं तुमच्या दुकानाला काही व्हायला नको. सकाळपासनं पाणीच पिऊन आहे. मंगळवारी देवीला जाऊन येतो, तोवर कात्री धरणार नाही."

मला राहवलं नाही. "अण्णा, ती कात्री मी खराब केली. काल मी तिनं बीअरची बाटली उघडली."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अप्पांनी हातातलं बन्नीचं पान खाली ठेवलं. आता कानाखाली बसली तरी चालेल, असं मला खरंच वाटत होतं.

अण्णांनी माझा दंड धरला. "खरं सांगतोस न्हवं? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"शप्पथ, अण्णा."

त्यांचा चेहरा असा काही उजळला… दोन्ही हात जोडून वर बघत म्हणाले, "अय्यो देवा! म्हणजे देवी माझ्यावर कोपली नाही!" आणि आईकडे वळून, "अक्का, पान वाढा. लई भूक लागलीय."

चार पुरणपोळ्या खाल्ल्या त्यांनी. वाढत मीच होतो. कात्रीबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत. अप्पा मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

निघताना अण्णांनी माझ्या हातात बन्नीचं पान ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलास बाबा, सांगितलास. उपकार झाले."

माझ्यामुळे सणाचा दिवस उपाशी काढलेला माणूस माझेच उपकार मानत होता… त्यांच्या पाया पडलो, पण मान वर करून त्यांच्याकडे बघवलं नाही.