सुरू ठेवलेली गाडी

आमच्याकडं दारात नवी गाडी उभी राहिली की शेजारी आधी विचारतो, "किती देते?" एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते, एवढंच त्याला हवं असतं. रंग, किंमत वगैरे चहा झाल्यावर. त्यामुळं माझी बायको पहिल्यांदा ती गाडी घेऊन घरी आली तेव्हा माझी पंचाईत झाली. सगळी गल्ली गोळा झाली आणि सांगायला माझ्याकडं आकडाच नव्हता.

बायको नर्स आहे. बाजारहत्नूरच्या वर डोंगरात आदिवासींचे गुडे आहेत, म्हणजे मोजक्या घरांच्या वाड्या. तिथल्या गरोदर बायांना तपासायला ती एका संस्थेतर्फे जाते. जीप जिथं चिखलात रुतते तिथंही पोचता यावं म्हणून संस्थेनं ही गाडी दिली. दोन सीटं शेजारी शेजारी, दारं नाहीत, डोक्यावर लोखंडी पाइपांची चौकट, मागं सामानाला छोटा डाला आणि अंगाच्या मानानं भलतीच मोठी चाकं. चढावर ती टुणकन उडी घेते, म्हणून गुड्यांतल्या लोकांनी तिचं नाव बेंडकी ठेवलं. मीही तेच म्हणतो. बायको मात्र मानानं "गाडी" म्हणते.

मी मास्तर माणूस. सुटी असली की तिच्या शेजारच्या सीटवर माझा हक्क. गाडी ती चालवते, उपदेश मी करतो. पहिल्याच आठवड्यात मी टाकी काठोकाठ भरली, गुडीहत्नूरकडच्या सपाट डांबरी रस्त्यावर बेंडकी फिरवून आणली, परत टाकी भरली आणि आकडा काढला. चांगला आला. गल्लीभर सांगत सुटलो. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डांबरावरचा आकडा डांबरावरच राहू द्या. डोंगरात हे तासावर पिते, ट्रॅक्टरवानी."

तिचं खरं निघालं आणि मला त्याचा राग आला. चारही चाकांना जोर देऊन लहान गिअरमध्ये काळी माती तुडवायला लागलं की रस्ता काही सरकत नाही, पेट्रोलचा काटा तेवढा सरकतो. अशा वाटेवर कुठवर जाता येईल हे टाकीपेक्षा चालवणाऱ्यावर ठरतं. बायको चढ दिसला की आधी थांबून वाट बघते, मगच पाय दाबते. जमीन घट्ट लागली की पुढच्या चाकांचा जोर लगेच काढून घेते. कुठं थांबली की इंजिन बंद, मग समोरचा माणूस कितीही भरभर बोलणारा असो. ज्या पेट्रोलात मी दुसऱ्या गुड्यावर अडकून पडलो असतो, त्यात ती सगळी फेरी करून घरी येते. मला तिचं फार कौतुक वाटतं. तिच्यासमोर मी ते बोलत नाही, नाहीतर माझ्या उपदेशाला कोण विचारणार?

त्या दिवशी आम्ही सगळ्यात वरच्या गुड्यावर गेलो होतो. पोळा नुकताच झालेला, उघडीप होती, पण वाटेत चिखल जबर. जास्तीचा म्हणून घेतलेला पेट्रोलचा कॅन चढतानाच टाकीत रिकामा करावा लागला. तरी काटा बघून बायको म्हणाली, "उतरायला पुरते."

गुड्यावर पोचलो तर एका सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या. बायकोनं उडी मारली, पिशवी घेतली आणि आत पळाली. किल्ली गाडीलाच राहिली. थोड्या वेळानं ती दारात आली. "बाळ आडवं हाय. दवाखान्याशिवाय भागत नाही. तुमी वर खडकावर जा अन् ॲम्बुलन्सले फोन लावा. खाली डांबरावर उभी राहा म्हणा."

त्या खडकावरच तेवढी फोनला रेंज मिळते, तीही तिच्या लहरीनं. फोन लागेपर्यंत आणि पलीकडच्याला वाट समजावून सांगेपर्यंत बराच वेळ गेला. खाली उतरलो तर बेंडकीचं इंजिन घुरघुरत होतं. बाजूला त्या सुनेचा सासरा बॉनेटवर हात ठेवून राखणीला उभा.

"मामा, गाडी काऊन सुरू हाय?"

"मीच करून ठेवली ना, मास्तर! तुमी वर गेले तवाच. सुनेले न्यायचं हाय. ऐन टायमाले सुरूच नाही झाली त काय करता?"

त्याचंही चुकत नव्हतं. त्या गुड्यात एकच ट्रॅक्टर, त्याचा स्टार्टर कधीचा मेलेला. सकाळी सगळे मिळून धक्का मारतात आणि एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत कोणी बंद करत नाही. बंद गाडीवर भरवसा ठेवायचा नसतो हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक. पण मी काटा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. तो पार तळाला टेकला होता. ट्रॅक्टर दुसऱ्या गुड्यावर गेलेला, त्यात तसंही डिझेल. गुड्यातली एकुलती मोटारसायकल घेऊन त्या सुनेचा नवरा बाजाराला गेलेला. बाटलीतलं पेट्रोल विकणारं दुकान थेट खाली, डांबराजवळ.

"सारं पेट्रोल जाळून टाकलं ना तुमी!" मी ओरडलो. "आता सुनेले काय खांद्यावर नेता?"

म्हाताऱ्यानं बॉनेटवरचा हात काढून घेतला. 

बायको बाहेर आली. तिनं काटा पाहिला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "डाला रिकामा करा." गुड्यातून कोणाची गाडी रिकामी पाठवायची नाही अशी तिथली रीत, त्यामुळं बायांनी तेवढ्यात भोपळे आणि मक्याची कणसं भरून ठेवली होती. ती उतरवली. जादा चाक उतरवलं, जॅक उतरवला.

"तुमी बी उतरा."

"मी उतरलेलोच आहे."

"मंग चढू नका."

माझ्या सीटवर सुनेला बसवून पट्टा बांधला. मागून धरायला सासू डाल्यात बसली. बेंडकी निघाली.

मी आणि म्हातारा खडकावर जाऊन बसलो. आवाजावरून मला सगळं कळत होतं. उतारावर बायको पाय उचलून घेत होती, नाल्याच्या चिखलात जोर लावला, पलीकडं लगेच आवाज हलका झाला. मग टेकडीआड आवाज गेला. गेला की बंद पडला, ते काही समजेना. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. पोरीच्या जिवाची मला भयंकर भीती वाटत होती.

फार वेळानं फोन वाजला. "ॲम्बुलन्समदी बसवली," बायको म्हणाली. "बाळाचे ठोके चांगले हायेत. पेट्रोल शेवटच्या उताराच्या माथ्यावरच संपलं. मंग तशीच घरंगळत आणली."  मग म्हणाली, "मामाले द्या जरा."

म्हाताऱ्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मामा, तुमी गाडी गरम ठेवली म्हणून बरं झालं. एका चावीत सुरू झाली."

बेंडकी कितीही थंड असली तरी एका चावीतच सुरू होते. हे तिला माहीत, मला माहीत. म्हाताऱ्यानं मात्र मोठा श्वास सोडला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला बायकोचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

म्हाताऱ्याला नात झाली, सूनही सुखरूप. आता त्या गुड्यावर पोचलो की बायको उतरताना गुपचूप किल्ली पदरात बांधते. म्हातारा नातीला कडेवर घेऊन येतो आणि पाव्हण्यारावळ्यांना सांगतो, "मी गाडी सुरू ठेवली म्हणून हे पोरगी हाय." मग माझ्याकडं वळून विचारतो, "खरं हाय ना, मास्तर?"

"खरं हाय, मामा," मी म्हणतो.