वाढवलेले दोन इंच

लेकीची उंची मी दोन इंच वाढवून सांगितली, ही माझी चूक. दुबईत अल बर्शातल्या तिच्या शाळेत बास्केटबॉलचा सामना असला की वसईचे एक गृहस्थ यायचे आणि अमेरिकेतल्या कॉलेजांना चांगले खेळाडू सुचवायचे; त्यांनाच मी ती उंची सांगितली होती. बॉल जाळीत पडला की आम्ही पालक ओरडायचो. ते मात्र पडलेल्या मुलीला कोण उठवतं ते बघून वहीत लिहायचे.

काल त्यांनी ती वही माझ्यापुढे धरली. लेकीची खरी उंची होती आणि शेजारी, 'मागण्याआधी पास देते.'

"हेच पाठवलं, खलास! कॉलेजने बोलावलंय तिला," ते हसले. "नजरेने मापतो मी, बाबा. तुमचे दोन इंच तुमच्याकडेच ठेवा."

त्यांची माफी तिथेच मागितली. गाडीत लेकीला सगळं सांगून म्हणालो, "आहेस तेवढी तू मला कमी वाटलीस. चुकलो गं, माफ कर."