उजवीकडचा डाव

हानबाई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. वाचला, लॅपटॉप मिटला आणि अमेरिकेतल्या चँडलरच्या भर उन्हात पार्किंगमध्ये जाऊन नुसता उभा राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले. पण बाईंबद्दल लिहायला बसलं की रडू येण्याऐवजी अंगात वारं शिरतं, त्याला माझा इलाज नाही. त्या होत्याच तशा.

टायरचं दुकान आणि डेंटिस्ट यांच्या मधल्या गाळ्यात त्यांचा ज्यूदोचा क्लास होता. माझी लेक इरा आठ वर्षांची असल्यापासून तिथे जायची. हान हे त्यांचं आडनाव, आणि शिकवणाऱ्या म्हणून मी त्यांना बाई म्हणायचो. या मूळच्या कोरियाच्या बाई एके काळी आशियाच्या चँपियन होत्या, हे कळायला मला वर्ष लागलं, आणि कळलं तेही माझ्या आगाऊपणामुळे. त्या मुलांना एक डाव दाखवत होत्या : समोरच्याची बाही ओढायची, वळून त्याच्या पोटाखाली शिरायचं आणि खांद्यावरून आपटायचं. मी कोल्हापूरचा, काकांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेला. बाकावरूनच ओरडलो, की हा तर आमचा धोबीपछाड. अर्थ विचारून बाई खूप हसल्या, आणि क्लास सुटल्यावर मला थांबवून त्यांनी फोनवर एका जुन्या लढतीची टेप लावली.

ती त्यांची तिसरी फायनल. आधीच्या दोन्ही त्या एकाच जपानी मुलीकडून हरल्या होत्या. बाईंचा हातखंडा डाव डावीकडून, आणि तो तिला तोंडपाठ. मग बाईंनी काय करावं? झाडाला सायकलची ट्यूब बांधून, ती ओढत दोन वर्षं तोच डाव उजवीकडून घोटला, आणि स्पर्धेत एकदाही वापरला नाही. लहानसहान मुलींकडून हरल्या, तरी नाही. पेपरवाल्यांनी 'संपली' म्हणून लिहिलं, निवड समितीत नाव कापायची भाषा सुरू झाली, आईने स्थळं बघायला घेतली… तरी नाही. एवढं कसं सोसलंत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "एकदाच चालणार होतं ते. तिला कळलं, की संपलं."

ज्यूदोत पाठ सपशेल टेकली की लढत तिथेच खलास. टेपमध्ये पहिल्याच मिनिटाला बाईंची करंगळी मुरगळते. समोरचीला कळू नये म्हणून त्या चेहरा दगडासारखा ठेवतात. शेवटचं अर्धं मिनिट उरतं. बाई डावीकडे झुकतात, जपानी मुलगी तिकडची वाट अडवायला धावते… आणि बाई गर्रकन उलट्या फिरतात. क्षणभर नुसते दोन पाय छताकडे, मग धाड, आणि पंचाचा हात सरळ वर! निकाल मला पाठ आहे, तरी दर वेळी मी खुर्चीतून उठतो. एकदा तर सांगता सांगता बाईंनी माझीच कॉलर धरली. ऑफिसच्या शर्टाची दोन बटणं गेली आणि माझी पाठ चार दिवस धरली. बायको म्हणाली, फ्रेम करून लाव तो शर्ट.

पुढच्या वर्षी सगळ्याजणी उजवीकडची तयारी करून आल्या आणि बाई पहिल्याच फेरीत गारद झाल्या. हेही त्या हसतच सांगायच्या.

बाई गेल्या आणि इराने ज्यूदो सोडला. मॅटवर पाय ठेवणार नाही, एवढंच म्हणायची. परवा क्लासमध्ये शोकसभा झाली तेव्हाही ती दारापाशीच उभी होती. तिथे एक साठीची, लहानखुरी जपानी बाई आली. भिंतीवर त्या फायनलचा फोटो होता. त्याकडे बोट दाखवून तिने शांतपणे सांगितलं, की हवेत पाय आहेत ती मी.

इराने थेट विचारलं, "डिड यू हेट हर?"

ती म्हणाली, नाही. घरी जाऊन तीच टेप बघत बघत तो डाव शिकले, आजही माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना तोच शिकवते.

"शो मी," इरा म्हणाली.

त्या जपानी बाईंनी बूट काढले, मॅटला वाकून नमस्कार केला आणि वाट बघत उभ्या राहिल्या. इरा काठावर घुटमळली. मग तिने मोजे काढले. पुढच्या क्षणी माझी चौदा वर्षांची पोरगी उजव्या खांद्यावरून हवेत, आणि धाड… शेजारचे टायरवालेसुद्धा डोकावले. इरा छताकडे बघत पडून राहिली. सहा आठवड्यांत एकदाही न रडलेली पोर हमसाहमशी रडत होती. मग उठली, नाक पुसलं, बाही सारखी केली आणि पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अगेन," ती म्हणाली.